गोळीआधीच्या आणि गोळीनंतरच्या भागीरथीबाई

भागीरथीबाई कुठल्याही दारात आल्या की आधी थांबायच्या. पाय जागच्या जागी अडकायचे, वरचं अंग मात्र पुढे जायला निघालेलं. मग त्या मान खाली घालून काहीतरी गुणगुणायच्या आणि ते गुणगुणणं जरा लयीत आलं की उजवा पाय उचलून उंबरा ओलांडायच्या. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई फारच देवभोळ्या दिसतात, दारादाराला स्तोत्र म्हणतात.

ते दार नायगाव पूर्वेच्या समाजमंदिराचं होतं. तिथे दर शनिवारी कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णांची बैठक भरते. एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येते, हातपाय हलवायला लावते, बाकीचा वेळ माणसं एकमेकांशी बोलतात. आमच्या ह्यांना हा आजार झाल्याचं कळून तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. मी त्यांना जवळजवळ ओढतच तिथे नेलं. हे आयुष्यभर एका कंपनीत ड्रॉइंग काढत बसलेले, अबोल गृहस्थ. दारात आले आणि अडकले. मागे माणसं खोळंबली. मी दंडाला धरून "चला ना, चला ना" करायला लागले. ह्या आजारात तसं केलं की पाय आणखी घट्ट होतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मागून आवाज आला, "मास्तरीनबाय, त्यांना वडू नका." मी शिक्षिका आहे हे ह्या बाईला कसं कळलं, असं मनात आलं. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "वराडतांव तशाच." मग त्या ह्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "सायेब, गानं येतं का एकांदं?" ह्यांनी नकारार्थी मान हलवली. "बरं मंग, माजं घ्या." आणि त्या गुणगुणायला लागल्या. हे आत गेले, त्यांच्यापाठोपाठ त्या गेल्या, आणि मी पर्स सावरत सगळ्यांत शेवटी.

भागीरथी म्हात्रे ह्या खाडीकाठच्या एका आगरी गावातल्या धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून मांडव सोडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, त्याला धवला म्हणतात, आणि ते गाणाऱ्या बाईला धवलारीण. नुसतं गायचं नसतं. आता काय करायचं, कुणी कुठे बसायचं, तांदूळ कुणाच्या हातात द्यायचे, हे सगळं ती गाण्यातूनच सांगते. आम्ही राहतो त्या टॉवरच्या जागी पूर्वी भात व्हायचं. त्या शेतांच्या मालकांपैकी कित्येकांची लग्नं भागीरथीबाईंनी लावली होती, आणि पुढे त्यांच्या मुलांचीही. गावात अजून कुणी रस्त्यात भेटलं की वाकून नमस्कार करायचं. त्या आशीर्वाद द्यायच्या आणि लगेच विचारायच्या, "बायकोशी बरा वागतंस ना?"

मी तुळिंजच्या शाळेत जन्मभर मास्तरकी केली. मला गप्प बसणं जमत नाही आणि चुकीचं चाललेलं बघवत नाही, त्यामुळे नातेवाईक मला जरा जपूनच बोलावतात. भागीरथीबाईंचं उलट होतं. त्यांना बोलावल्याशिवाय गावातलं पान हलत नसे, आणि त्या कुणाला लागेल असं बोलत नसत. टोमणे मारायच्या, पण ज्याला मारला तोच आधी हसायचा. आमची गट्टी जमली ह्याचं शनिवारच्या बैठकीत सगळ्यांनाच नवल वाटे.

ह्या आजारातली गोळी काही तास काम करते, मग तिचा असर ओसरतो. आम्ही घरात डॉक्टरांचे इंग्रजी शब्द वापरायचो. भागीरथीबाईंनी त्याला "गोली लागली" आणि "गोली उतरली" असं नाव दिलं होतं, आणि बैठकीत सगळे तसंच म्हणायला लागले. "गोली लागली का मी भागी धवलारीन," त्या म्हणायच्या, "आनि उतरली का नुसता दगर." गोळी लागलेली असताना त्या बैठकीत दोन खुर्च्यांमधून वाट काढत प्रत्येकाची चौकशी करायच्या. उतरली की भिंतीजवळ बसून राहायच्या. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही, आवाज इतका खोल जायचा की कान तोंडाजवळ न्यावा लागे. त्याही वेळी डोळे मात्र सगळीकडे फिरत असायचे.

त्यांचं एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की आता माझ्याही तोंडात बसलंय. "मांडवात कन्हायचं नाय." धवलारणीला ताप असो, घरात काही झालेलं असो, मांडवात उभं राहिलं की चेहरा लग्नाचा पाहिजे, कारण सगळी बायामाणसं तिच्याकडे बघत असतात. सासूने शिकवलेली ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर पाळली होती. ती पुढे त्यांना चांगलीच नडली.

त्यांची सून सुरेखा कामणला एका गोदामात पॅकिंगवर देखरेख करायची. चांगली नोकरी होती, तिथे तिचा शब्द चालायचा. सासूचं दुखणं वाढलं तशी तिने ती सोडली. भागीरथीबाईंना स्वतःच्या आजाराचं जेवढं दुःख नव्हतं तेवढं ह्याचं होतं. "माज्यापायी पोरीचं काम गेलं," असं त्या मला दर शनिवारी ऐकवायच्या. कंपवात हा दिव्यांगत्वाच्या सरकारी यादीत आहे आणि पुरेसं प्रमाण, म्हणजे टक्केवारी, लिहिलेलं प्रमाणपत्र मिळालं तर दर महिन्याला सरकारी मदत मिळते, हे मी त्यांना सांगितलं. त्या मदतीत शेजारची एक बाई दिवसभर येऊन बसायला तयार होती. म्हणजे सुरेखाला परत कामावर जाता आलं असतं. भागीरथीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग चला, कई जायाचं?"

सरकारी रुग्णालयात तपासणीचा दिवस बुधवार. मी, सुरेखा आणि त्या, अशा तिघी निघालो. सकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि बघतच राहिले. हिरवं लुगडं, गळ्यात सोन्याची माळ, अंबाड्यावर अबोलीची वेणी. शिवाय हातात पिशवी, आणि पिशवीत डॉक्टरांसाठी वालाच्या शेंगा आणि सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी. "सरकारी डॉक्टर म्हंजे पावनाच. हात हालवीत कसं जायाचं?" गोळीही त्यांनी अशा हिशेबाने घेतली होती की आत जाताना ती बरोबर लागलेली असेल. रिक्षात सुक्या करंदीचा वास सुटला होता आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडेच बघत होता.

आत एक तरुण डॉक्टरीण बसल्या होत्या. डोळ्यांखाली काळं आलेलं, बाहेर व्हरांड्यापर्यंत रांग. त्यांनी विचारलं, "आजी, स्वयंपाक कोण करतं?"

"मीच करतंय."

"आंघोळ?"

"आपली आपन."

"कपडे घालायला कुणाची मदत लागते?"

"हे लुगरं कुनी नेसवलं असंल असं वाटतं का तुमाला?"

ते लुगडं सुरेखाने पहाटे उठून नेसवलं होतं. वेणीही तिनेच माळली होती. ती बिचारी सासूच्या खुर्चीमागे उभी होती आणि फरशीकडे बघत होती. मी तोंड उघडलं तर डॉक्टरीण म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या." मग त्यांनी चालून दाखवायला सांगितलं. भागीरथीबाई उठल्या, ओठातल्या ओठात धवला सुरू केला आणि वरमाईसारख्या ऐटीत भिंतीपर्यंत जाऊन परत आल्या. डॉक्टरीण हसल्या. "छान चालता की, आजी." त्यांनी खरं दिसलं तेच लिहिलं. प्रमाण इतकं कमी निघालं की मदतीला त्याचा काही उपयोग नव्हता.

परत येताना खाडीवरच्या पुलाच्या आसपास गोळी उतरली. घरापाशी रिक्षा थांबली तेव्हा भागीरथीबाईंना पाय खाली टाकता येईना. मी आणि सुरेखाने त्यांना दोन्ही बाजूंनी उचलून ओटीवर नेलं. वेणी कुठेतरी रिक्षातच पडली. सुरेखा रडत म्हणाली, "आय, तुम्ही खोटं का बोललात?" भागीरथीबाईंचा आवाज गेला होता. मी कान जवळ नेला. "परक्या बाईला कसं सांगू," त्या म्हणाल्या, "सून मना न्हालवते म्हून? तुजी अब्रू, माजी बी अब्रू."

मला इतका राग आला होता की घरी आल्यावर मी भांडी आपटली. ह्यांनी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं, आणि वर म्हटलं की तुम्हीही अर्ज करा, तुमचंही चालणं-बोलणं कमी झालंय. ते म्हणाले, "मी काय अपंग आहे? आणि ह्या बाईंना बघूनही त्यांना काही दिसलं नाही, मला बघून काय दिसणार?" आणि ते वर्तमानपत्रामागे गेले. पहिल्या वाक्याशी मी भांडू शकले असते. दुसरं मात्र मी त्याच दिवशी डोळ्यांनी पाहून आले होते.

मी भागीरथीबाईंना सांगितलं की फेरतपासणीचा अर्ज करू, आणि त्या दिवशी गोळी घ्यायचीच नाही. दगड होऊन जायचं, बघू दे त्यांना. त्या ऐकेनात. "गोली टाकून जायाचं म्हंजे सोंगच झालं. सोंग घेऊन मागितलेलं पचनार नाय." मी म्हटलं, ते सोंग नाही, तीच तुमची खरी अवस्था आहे. त्या म्हणाल्या, मग आत्ता तुमच्यासमोर बसून बोलतेय ती कोण, खोटी? आमचं चांगलंच वाजलं. पुढचे काही शनिवार त्या माझ्या शेजारी बसल्याच नाहीत. ह्यांच्या शेजारी बसायच्या आणि त्यांच्याशी मुद्दाम मोठ्याने बोलायच्या. हे उत्तर देत नसत, पण ऐकून हसायचे. घरी मला त्यांचं इतकं हसणं बऱ्याच दिवसांत बघायला मिळालं नव्हतं, त्यामुळे मी राग फार ताणला नाही.

मग एका शनिवारी त्या सुरेखाचा हात धरून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मास्तरीनबाय, तुमी म्हनतांव गोली टाकून जा. मी म्हनतंय घेऊन जावं. दोगींचं बी अर्दंच खरं हाय." त्यांनी श्वास घेतला. "तई असं करू. सकालची गोली घ्यायची येल होते ना, त्याच्या आदीच तिथं जाऊ. त्यांना बगू दे. मंग त्यांच्याच समोर गोली घेतंय. लागली का परत बगू दे. दोन्ही मीच हाय. दोन्ही बगा म्हनावं."

"तुमचंच खरं," मी म्हटलं. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. त्या सुरेखाकडे वळल्या आणि सगळ्या बैठकीसमोर विचारलं, "आनि न्हाण्याचं, जेवनाचं, सगलं खरं सांगू का गो तिथं? तुजी हरकत नाय ना?" सुरेखा म्हणाली, "सांगा आय. मी तुम्हाला आंघोळ घालते ह्यात लाज कसली? उलट माझंच नाव होईल." भागीरथीबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. हात थरथरत होता त्यामुळे तो गालावर बराच वेळ फिरला.

दुसऱ्या वेळी आम्ही खूप लवकर निघालो. लुगडं तेच हिरवं, त्याबाबतीत तडजोड नव्हती. रुग्णालयाच्या दारात त्या थांबल्या, गुणगुणायचा प्रयत्न केला, पण गळ्यातून सूरच निघेना. चाकाची खुर्ची आणावी लागली. डॉक्टरीण त्याच होत्या. त्यांनी कागद पाहिला, भागीरथीबाईंकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "ह्या त्याच आजी?" त्या टेबलामागून उठून आल्या आणि खुर्चीशेजारी वाकल्या. सगळे प्रश्न पुन्हा झाले. ह्या वेळी प्रत्येक उत्तर एकच होतं, आणि ते इतक्या हळू येत होतं की डॉक्टरीणबाईंना त्यांच्या ओठांकडे बघावं लागत होतं. "सून करते." स्वयंपाक, सून करते. आंघोळ, सून करते. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

मग सुरेखाने गोळी दिली, पाणी पाजलं. भागीरथीबाई म्हणाल्या, "आता लागली का परत बगा."

डॉक्टरीण म्हणाल्या, "आजी, एका माणसाला दोनदा बघायची इथे सोय नाही. नोंद एकदाच करायची असते."

"तं एकदाच करा. पन दुपारी करा."

डॉक्टरीण हसल्या, आणि मग खुर्चीत मागे टेकून माझ्याशी बोलल्या. ते बोलणं मला फार मोलाचं वाटतं. त्या म्हणाल्या, "हा आजार असा चढतो-उतरतो हे आम्ही शिकलेलो असतो, बाई. पण माणूस ज्या घडीला समोर येतो त्या घडीचं लिहायचं आणि पुढचा बोलवायचा, असंच चालत आलंय. थांबा तुम्ही बाहेर. मी बघते परत." मी भांडणाची जय्यत तयारी करून गेले होते. ती तशीच राहिली.

आम्ही व्हरांड्यात बसलो. हळूहळू भागीरथीबाईंच्या चेहऱ्यावर माणूस परत आला. आधी भुवया, मग तोंड, मग मान. मग त्या उठल्याच. रांगेत एक म्हातारे गृहस्थ पाय अडकून उभे होते, त्यांच्यापाशी जाऊन त्यांनी आपलं नेहमीचं सुरू केलं. "गानं येतं का एकांदं?" म्हाताऱ्यांना एक भजन येत होतं. दोघं मिळून निघाले, ते भजन म्हणत आणि ह्या धवला म्हणत, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, तरी पाय पडत होते. सगळी रांग हसत होती. डॉक्टरीण दारात येऊन हे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी भागीरथीबाईंना आत घेतलं आणि दुसऱ्यांदा तपासलं. प्रमाणपत्र मिळालं, मदतीला पुरेल इतक्या प्रमाणाचं, आणि कायमचं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुमच्या बैठकीत असे आणखी आहेत का? पुष्कळ आहेत, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, मग सगळ्यांच्या वतीने लेखी मागणी करा, मी माझ्याकडून वरिष्ठांना लिहिते, दोन्हीकडून गेलं तर काहीतरी हलेल. अर्ज लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी असा मसुदा केला की वाचणाऱ्याची झोप उडावी. बैठकीत वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. भागीरथीबाईंनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत.

"झ्याक हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "पन शिव्या घालून लगीन लागतं का कुटं? त्या पोरीनं आपल्याला दोनदा बगितलं, ते आदी लिवा. उपकार आदी, मागनं मागून."

अर्ज नव्याने लिहिला. सुरुवात आभाराने झाली. कंपवाताच्या माणसाला गोळीआधी आणि गोळीनंतर असं दोन्ही वेळा तपासावं, त्याला बसायला दाराजवळ जागा असावी, हा आजार मागे फिरणारा नाही तेव्हा पुन्हा पुन्हा तपासणीला बोलावू नये, आणि महापालिकेच्या दवाखान्यात गोळी कायम असावी, एवढंच मागितलं. सगळ्यांनी सह्या केल्या. कंपवातात अक्षर बारीक होत जातं, त्या सह्या वाचायला भिंग लागलं असतं. ह्यांनी मात्र सही केली नाही. "मी अजून तिथवर आलेलो नाही," एवढंच म्हणाले. मी काही बोलणार तेवढ्यात भागीरथीबाईंनी माझा हात दाबला.

त्या अर्जाचं सगळंच सोनं झालं असं नाही. गोळ्या दवाखान्यात कधी मिळतात, कधी "पुढच्या आठवड्यात या" म्हणतात. पण मदत सुरू झाली, शेजारची बाई दिवसा येऊन बसायला लागली, आणि सुरेखा गळ्यात ओळखपत्र अडकवून पुन्हा कामणला जायला लागली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा गेली त्या दिवशी भागीरथीबाईंनी मला फोन करून फक्त "गेली" एवढंच सांगितलं. मी क्षणभर घाबरले, मग माझ्या लक्षात आलं.

त्यानंतर भागीरथीबाईंचा आवाज कमी कमी होत गेला. गावात त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, मलाही बोलावणं होतं. हळदीला त्या मांडवात बसल्या खऱ्या, पण गळ्यातून शब्द बाहेर पडेना. मग दोन बायका त्यांच्या तोंडाशी कान लावून बसल्या. भागीरथीबाई ओळ पुटपुटायच्या, त्या दोघी ती मोठ्याने गायच्या, आणि मागून सगळा मांडव. बेंजोवाल्यांनी बेंजो खाली ठेवला होता. पुतणीची हळद अशी झाली. नंतर मी त्यांना विचारलं, वाईट वाटलं का? त्या म्हणाल्या, "वाईट कनाला? दोगींना पाठ झालं ना." आणि मग खरंखरं सांगितलं, "वाटलं थोरं."

ह्यांच्यावर त्यांचा फार जीव होता. शेवटच्या दिवसांत आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा त्यांना गिळता येत नव्हतं, सुरेखा चमच्याने पेज भरवत होती. त्यांनी ह्यांना खुणेने जवळ बोलावलं. मीही कान पुढे केला, ती सवय जायची नाही. "सायेब," त्या म्हणाल्या, "तुमी कई जातांव बुधवारचं? मी वाट केली हाय. कोनी गेला नाय तं गवत वारंल तिच्यावर." हे त्यांचा हात धरून बसले. दोघांचेही हात थरथरत होते आणि कुणाचा कुठला ते मला सांगता आलं नसतं.

हिवाळ्यात छातीत कफ भरून भागीरथीबाई गेल्या. गाव लोटलं होतं. ज्यांची लग्नं त्यांनी लावली ती सगळी माणसं होती. सुरेखा गोदामातून तशीच धावत आलेली, ओळखपत्र अजून गळ्यात. ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "बाई, सकाळी मी निघताना त्यांनी मला विचारलं, डबा घेतलास का." मी रडले. मला रडताना शाळेतल्या कुणीही कधी पाहिलेलं नाही.

तेराव्यानंतर एक दिवस चहा घेताना हे म्हणाले, "येत्या बुधवारी जाऊया." मी लगेच उठून त्यांचे तपासणीचे कागद काढून ठेवले.

रुग्णालयात त्या डॉक्टरीणबाईंची बदली झाली होती. म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून, मी मनात म्हटलं, आणि काय काय बोलायचं ते जुळवायला लागले. दाराजवळ एक बाक होता. त्यावर आम्हाला बसवून एका तरुण शिपायाने विचारलं, "काका, पार्किन्सनचे ना? सकाळची गोळी घेतली का?"

"नाही अजून," हे म्हणाले.

"मग घेऊ नका. आता एकदा बघतील, मग इथेच घ्यायची. लागली की परत बघतील. दुपार होईल, डबा आणलाय ना?"

मी विचारलं, "हे असं दोनदा बघायचं कधी सुरू झालं?"

"पहिल्यापासून असंच आहे, मावशी."

पहिल्यापासून. मला एकदम हसू आलं. मी त्याला थांबवलं आणि सांगितलं, की पहिल्यापासून नव्हतं, नायगावला भागीरथी म्हात्रे नावाच्या एक धवलारीण होत्या, त्यांनी ते सुरू करायला लावलं. आम्ही त्यांचे ऋणी आहोत, तूही नाव लक्षात ठेव. त्याने शहाण्या मुलासारखी मान डोलावली, "म्हात्रेबाई" असं म्हणून दाखवलं, आणि आत बघून ह्यांचं नाव पुकारलं.

हे दारात अडकले. मी दंडाला धरलं नाही. थोड्या वेळाने ते आपले आपण आत गेले, आणि नव्या डॉक्टरांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी खरं उत्तर दिलं. आंघोळीला कोण मदत करतं, ह्यालासुद्धा. बाहेर आल्यावर मी गोळी दिली. आम्ही बाकावर बसून डबा खाल्ला. दुपारी गोळी लागली, आणि त्यांनी ह्यांना पुन्हा आत बोलावलं.